अस्सल, नक्कल आणि हद्दी : हार्ड डिस्कचे विभाजन व प्रतिकृती

संगणकाच्या हार्ड डिस्कचे विभाजन आणि तिची प्रतिकृती ह्या दोन बाबी सामान्यतः निरनिराळ्या प्रसंगी विचारात घेतल्या जातात. पहिली नवा संगणक घरी किंवा कचेरीत येतो तेव्हा, आणि दुसरी जुनी डिस्क अपुरी पडू लागते अथवा कुरकुरू लागते तेव्हा. आणि ह्या दोन प्रसंगांमध्ये बहुधा काही वर्षांचे अंतर पडत असल्यामुळे, पहिल्या वेळी कोणीतरी घाईने आखून दिलेल्या हद्दींचा दुसऱ्या वेळच्या अडचणींशी थेट कार्यकारणसंबंध असतो, हे वापरणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. वस्तुतः हा एकच प्रश्न आहे. डिस्कवर काय लिहिलेले आहे ही एक गोष्ट, आणि त्या लिखाणाच्या जागेविषयी डिस्कच्या आरंभी काय नोंदले आहे ही दुसरी; विभाजन करताना मुख्यतः दुसरीच बदलते, प्रतिकृती करताना दोहोंचा मेळ नव्या जागी पुन्हा बसवावा लागतो; आणि ह्या व्यवहारात जी हानी होते तिच्या मुळाशी बहुतेक वेळा ह्या दोहोंची गल्लतच असते, असे माझे मत आहे.

ह्या नोंदीचा उगम 1983 सालच्या मार्च महिन्यात सापडतो. त्या महिन्यात आयबीएम कंपनीने आपला पीसी एक्सटी हा संगणक बाजारात आणला; त्यात 10 मेगाबाइटची हार्ड डिस्क होती, आणि त्याच्यासोबत आलेल्या पीसी डॉसच्या 2.0 ह्या आवृत्तीत एकाच डिस्कवर एकाहून अधिक ऑपरेटिंग सिस्टिम सुखाने नांदाव्यात म्हणून विभाजनाची तरतूद केलेली होती. योजना अत्यंत काटकसरीची होती. डिस्कचा अगदी पहिला सेक्टर 512 बाइटांचा. त्यातले पहिले 446 बाइट संगणक सुरू करणाऱ्या छोट्याशा प्रोग्रॅमसाठी, पुढचे 64 बाइट चार विभागांच्या नोंदींसाठी, प्रत्येक नोंद 16 बाइटांची, आणि शेवटचे दोन बाइट हा सेक्टर वैध असल्याची खूण म्हणून राखून ठेवलेले. विभाग कोठे सुरू होतो, किती लांब आहे, कोणत्या प्रकारचा आहे आणि संगणकाने त्यावरून सुरू व्हावे की नाही, एवढेच काय ते त्या 16 बाइटांत मावते. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर गट क्रमांक, क्षेत्र आणि कब्जेदार लिहिलेला असतो, पण तो उतारा फाटला म्हणून शेतातले पीक नाहीसे होत नाही. तीच स्थिती येथे आहे. विभागाची नोंद पुसली की संगणकाला डिस्क रिकामी दिसते, परंतु त्या हद्दीतला एकही बाइट हललेला नसतो.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. चुकून एखादा विभाग, म्हणजे पार्टिशन, उडवला गेला असता टेस्टडिस्कसारखे प्रोग्रॅम डिस्क आरंभापासून चाळत जातात, प्रत्येक फाइल सिस्टिमच्या प्रारंभी असणारी विशिष्ट खूण शोधतात, आणि त्या खुणांवरून हरवलेल्या हद्दी पुन्हा मांडून देतात. हे शक्य होते ते नोंद आणि मजकूर परस्परांपासून स्वतंत्र असल्यामुळेच. उलटपक्षी, नोंद गेली म्हणून घाबरून जाऊन त्याच जागी नवे पार्टिशन करून ते फॉरमॅट केले, आणि वर विंडोज पुन्हा बसवले, की जो मजकूर आतापर्यंत निर्धोक होता त्याच्यावर नवा मजकूर लिहिला जातो आणि तेवढ्या भागापुरती आशा संपते. नोंद हरवल्यानंतर त्या डिस्कवर काहीही न लिहिणे हा पहिला उपचार आहे, आणि तो बिनखर्चाचा असूनही सर्वांत कमी पाळला जातो ही खेदाची गोष्ट होय.

चार नोंदींची ही मर्यादा आणि त्याकाळच्या फाइल सिस्टिमच्या मर्यादा ह्यांच्या संयोगातून आपल्याकडील सी, डी आणि ई ह्या त्रयीचा जन्म झाला. डॉसच्या आरंभीच्या आवृत्त्यांत एका विभागाला 32 मेगाबाइटची कमाल मर्यादा होती. 1987 साली 3.3 ह्या आवृत्तीने चारांपैकी एका नोंदीच्या पोटात आणखी विभाग साखळीने जोडण्याची सोय केली, आणि त्यामुळे मोठी डिस्क अनेक तुकड्यांनी का होईना पण वापरता येऊ लागली. पुढे विभागाची मर्यादा दोन गिगाबाइटपर्यंत वाढली, तथापि त्यातून एक निराळाच अपव्यय उद्भवला. फॅट सोळा ह्या पद्धतीत विभागातील जागेच्या एककांना, म्हणजे क्लस्टरांना, क्रमांक देण्यासाठी केवळ सोळा बिट उपलब्ध असल्यामुळे, विभाग जितका मोठा तितका प्रत्येक क्लस्टर मोठा होत असे. एक गिगाबाइटच्या पुढच्या विभागात तो 32 किलोबाइटचा होई, आणि मग एका परिच्छेदाचे पत्रदेखील 32 किलोबाइट जागा अडवून बसे. हाच विभाग अर्ध्या गिगाबाइटच्या आत ठेवला तर क्लस्टर 8 किलोबाइटांवर येई. सबब, 1990 च्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या दुकानांत संगणक जोडून देणारे कारागीर डिस्कचे तीनचार तुकडे करीत, त्यामागे केवळ रूढी नव्हती, हिशेब होता. 1996 साली फॅट बत्तीस आले आणि त्यानंतर एनटीएफएस घरोघरी पोहोचले, तेव्हा त्या हिशेबाचे कारण संपले. रूढी मात्र राहिली.

आज ह्या रूढीच्या समर्थनार्थ असे सांगितले जाते की विंडोज बिघडले तर सी ड्राइव्ह फॉरमॅट करता येतो आणि डी ड्राइव्हवरील कागदपत्रे सुरक्षित राहतात. ह्या म्हणण्यात अर्धे तथ्य आहे. ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा बसवण्यापुरता तो लाभ खराच आहे, आणि लिनक्स वापरणारे लोक मूळ विभाग आणि होम विभाग पृथक ठेवतात तेही ह्याच विचाराने. परंतु सी आणि डी हे एकाच यंत्राचे भाग असल्यामुळे त्या यंत्राची मोटर थांबली किंवा त्याचे वाचनशीर्ष तबकडीला घासले की दोन्ही एकदमच जातात, आणि डी ड्राइव्हवर ठेवलेल्या प्रतीला बॅकअप समजून निर्धास्त झालेल्या माणसाचे त्या दिवशी जे नुकसान होते त्याला विभाजनाविषयीचा हा अपुरा समजच कारणीभूत असतो. शिवाय हद्दी आखताना भविष्याचा अंदाज करावा लागतो आणि तो अंदाज फार थोड्यांना साधतो. डी ड्राइव्ह निम्मा रिकामा आणि सी ड्राइव्ह लाल रेघेपर्यंत भरलेला, हे दृश्य कोणत्याही कचेरीत पाहावयास मिळते. प्रत्यक्ष मायक्रोसॉफ्टचाही हा अंदाज चुकला आहे: जानेवारी 2024 मध्ये विंडोज 10 ची एक सुरक्षाविषयक दुरुस्ती असंख्य संगणकांवर बसेनाशी झाली, ती केवळ स्थापनेच्या वेळी आखून ठेवलेला दुरुस्तीविभाग तिला पुरेसा मोठा नव्हता म्हणून, आणि त्या विभागाची जागा 250 मेगाबाइटने कशी वाढवावी ह्याच्या सूचना त्या कंपनीला सामान्य ग्राहकाच्या हाती द्याव्या लागल्या. सामान्य वापरासाठी एका डिस्कवर यंत्रणेचे अपरिहार्य विभाग सोडून एकच मोठा विभाग असावा, आणि दुसरी सुरक्षित जागा हवी असेल तर ती दुसऱ्या डिस्कवर असावी, असे मी निःसंकोचपणे सुचवीन.

जुन्या नोंदपद्धतीचा अंत तिच्यातील आकड्यांच्या अंगभूत मर्यादेने घडवून आणला. विभागाचा आरंभ आणि लांबी ह्यांसाठी प्रत्येकी 32 बिट, आणि सेक्टर 512 बाइटांचा, म्हणजे सुमारे 2.2 टेराबाइटच्या पलीकडची जागा त्या नोंदीत सांगताच येत नाही. इंटेलच्या ईएफआय प्रकल्पातून पुढे आलेली जीपीटी ही नवी पद्धत 64 बिटांचे आकडे वापरते, साधारणतः 128 विभागांना जागा देते, प्रत्येक विभागाला जगात अन्यत्र नसावा असा 128 बिटांचा ओळखक्रमांक बहाल करते, आणि नोंदीत फेरफार किंवा झीज झाली तर ती कळावी म्हणून पडताळणीची बेरीज सोबत ठेवते. परंतु तिचा सर्वांत शहाणपणाचा भाग असा की संपूर्ण कोष्टकाची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. जुन्या पद्धतीत एक सेक्टर खराब झाला की सर्व हद्दी अज्ञात होत. आता एका टोकाला अपघात झाला तरी दुसऱ्या टोकाकडे दाद मागता येते. पहिल्या सेक्टरात जुन्या धर्तीची एक संरक्षक नोंदही असते. ती संपूर्ण डिस्क व्यापलेली असल्याचे दर्शवते, आणि एखादा जुना प्रोग्रॅम डिस्क रिकामी समजून तीवर लिहावयास धजू नये ही तिची कामगिरी.

हद्दी आखल्यानंतर त्या मागेपुढे सरकवणे हा दीर्घकाळ अशक्यप्राय मानला गेलेला विषय होता, आणि डॉसमधील एफडिस्क ह्या विभाजनाच्या प्रोग्रॅमच्या काळात विभाग लहानमोठा करणे म्हणजे तो पुसून नव्याने करणे असाच अर्थ होता. अमेरिकेतील उटाह राज्यातल्या पॉवरक्वेस्ट कंपनीच्या पार्टिशनमॅजिकने हे काम मजकूर न गमावता करून दाखवले. आज तेच काम जीपार्टेड विनामूल्य करतो, आणि विंडोजमध्येही व्हिस्टापासून विभाग आखडता घेण्याची सोय आहे. मात्र विंडोजची ही सोय न हलवता येणाऱ्या फाइलींपाशी अडखळते: निद्रावस्थेची फाइल, स्मृतीची पूरक फाइल आणि फाइल सिस्टिमच्या स्वतःच्या काही नोंदी जेथे असतील त्याच्या अलीकडे हद्द आणता येत नाही, आणि 200 गिगाबाइट रिकामे असूनही 20 च मोकळे होतील असे उत्तर मिळते. विभागाची शेवटची हद्द हलवणे सोपे, पण आरंभाची हद्द हलवायची तर आतला सर्व मजकूर उचलून सरकवावा लागतो. त्या तासांत वीज गेली तर मजकूर अर्धा जुन्या जागी आणि अर्धा नव्या जागी राहतो. जेथे वीजपुरवठ्याचा भरवसा नाही तेथे आधी बॅकअप आणि मगच हा उद्योग, हा क्रम मोडू नये.

आता प्रतिकृतीकडे वळू. तिचे मुख्यतः दोन प्रकार मानता येतील. एक अस्सलबरहुकूम नक्कल, जीत डिस्कचा पहिला सेक्टर ते शेवटचा सेक्टर जसाच्या तसा उतरवला जातो. युनिक्समधील डीडी ही आज्ञा 1970 च्या दशकापासून हेच करीत आली आहे, आणि आत काय आहे ह्याची तिला ना जाण असते ना जिज्ञासा. रिकामी जागा, पुसलेल्या फाइलींचे अवशेष, विषाणू, सारे काही ती सारख्याच निष्ठेने उतरवते. दुसरा प्रकार फाइल सिस्टिम समजून घेऊन केवळ वापरातली जागा उतरवणाऱ्यांचा. 1995 साली न्यूझीलंडमधील बायनरी रिसर्च ह्या कंपनीत मरे हॅझर्ड ह्यांनी लिहिलेला घोस्ट हा प्रोग्रॅम ह्या प्रकारचा प्रवर्तक ठरला. 1998 साली तो सिमँटेकने विकत घेतला, आणि त्यानंतरची कित्येक वर्षे संगणक प्रयोगशाळांतून एक यंत्र नीट तयार करायचे आणि बाकीच्यांवर त्याची इमेज उतरवायची ही प्रथाच पडली. आपल्याकडील महाविद्यालयांत आणि संगणक प्रशिक्षण केंद्रांत ज्यांनी त्या काळी काम केले त्यांना घोस्टचा निळा पडदा विसरता येणार नाही. आज त्याची जागा तैवानच्या राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्रात घडलेल्या क्लोनझिलाने बव्हंशी घेतली आहे. ज्या फाइल सिस्टिम त्याला समजतात त्यांची तो केवळ भरलेली जागा उतरवतो, आणि जी समजत नाही तिच्यापुरता पहिल्या प्रकाराचा आश्रय घेतो.

प्रतिकृती थेट दुसऱ्या डिस्कवर करावी की एका मोठ्या फाइलीच्या, म्हणजे इमेजच्या, स्वरूपात साठवावी, हा निर्णय हेतूवरून घ्यावा. डिस्क बदलायची असेल तर थेट क्लोन. बॅकअप हवा असेल तर इमेज. कारण एका बाह्य डिस्कवर निरनिराळ्या तारखांच्या अनेक इमेज ठेवता येतात, तर क्लोन हा एकाच क्षणाचा असतो, आणि दर आठवड्याला त्याच डिस्कवर नव्याने क्लोन करणारा मनुष्य खंडणीखोर विषाणूने कुलूपबंद केलेल्या फाइलीदेखील आपल्या एकमेव चांगल्या प्रतीवर स्वहस्ते उतरवून बसण्याची भीती असते.

सर्वांत जास्त तक्रारी येतात त्या मात्र आकाराच्या विषमतेतून, आणि येथेच आरंभीच्या हद्दी पुन्हा समोर उभ्या राहतात. 250 गिगाबाइटच्या जुन्या डिस्कवरून एक टेराबाइटच्या नव्या एसएसडीवर, म्हणजे तबकडीविना चालणाऱ्या डिस्कवर, क्लोन केला की नव्या डिस्कच्या शेवटी पाऊण भाग मोकळा राहतो, आणि सी ड्राइव्ह वाढवायला जावे तर मधे विंडोजचा दुरुस्तीविभाग आडवा येतो, कारण स्थापनेच्या वेळी तो सी च्या लगेच पुढे बसवला गेलेला असतो. विंडोजचे स्वतःचे साधन केवळ लगतची मोकळी जागा जोडून घेऊ शकत असल्यामुळे, आधी तो विभाग शेवटाकडे सरकवावा लागतो. जीपीटीची दुसरी प्रत जुन्या डिस्कच्या शेवटी होती ती नव्या डिस्कच्या मध्यात पडलेली असते, आणि ती खऱ्या शेवटाकडे नेण्यास संबंधित साधनाला सांगावे लागते. मोठ्यावरून लहानावर जाताना क्लोनझिला सरळ नकार देतो, आतला मजकूर कितीही थोडा असला तरी. तेव्हा आधी मूळ विभाग आखडते घेऊनच पुढची वाट काढावी लागते. दोन डिस्कांवर सारखाच आकार छापलेला असला तरी त्यांतील सेक्टरांची संख्या कधी कधी किंचित भिन्न असते, आणि त्या किंचित उणिवेपायी संपूर्ण काम अडते.

सेक्टरच्या लांबीचा प्रश्न ह्याहून सूक्ष्म आहे. 2011 च्या सुमारास हार्ड डिस्कच्या कारखानदारांनी आतला सेक्टर 512 बाइटांऐवजी 4096 बाइटांचा केला, बाहेर मात्र बहुतेक डिस्का अजूनही 512 चेच सोंग घेतात. विंडोज एक्सपीच्या काळी पहिला विभाग 63 व्या सेक्टरापासून सुरू होई, आणि 63 गुणिले 512 म्हणजे 32,256 ह्या संख्येला 4096 ने निःशेष भाग जात नाही; परिणामी तशा विभागाचा क्लोन नव्या डिस्कवर उतरवला की फाइल सिस्टिमचे प्रत्येक एकक खऱ्या दोन सेक्टरांवर पसरते आणि लिहिण्याचा वेग मंदावतो. व्हिस्टापासून विभाग 2048 व्या सेक्टरावर, म्हणजे बरोबर एक मेगाबाइटवर, सुरू होतो, त्याचे कारण हेच. काही यूएसबी पेट्या तर आतल्या डिस्कचे सेक्टर बाहेर 4096 बाइटांचे म्हणून दाखवतात. अशा पेटीत विभाजन केलेली डिस्क काढून संगणकात थेट जोडली की ती रिकामी भासते, कारण विभागांचे आरंभ सेक्टरांच्या संख्येत लिहिलेले असतात आणि मापच आठपटीने बदललेले असते. मजकूर जागच्या जागी असतो. डिस्क पुन्हा त्याच पेटीत घातली की दिसू लागतो.

अस्सल आणि नक्कल एकाच वेळी एकाच संगणकाला जोडल्या असता दोघींचे ओळखक्रमांक सारखेच निघतात, आणि कोणती खरी हे ऑपरेटिंग सिस्टिमला उमगत नाही. विंडोज अशा वेळी दुसरी डिस्क बंद ठेवते. लिनक्समधील एक्सएफएस फाइल सिस्टिम समान क्रमांकाचा दुसरा विभाग जोडून घेण्यास नकार देते. बीटीआरएफएसच्या बाबतीत तर मजकूर बिघडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. म्हणून क्लोन पूर्ण झाल्यावर पहिल्यांदा संगणक सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवावी. अनेक संगणकांवर एकच इमेज उतरवणाऱ्यांनी विंडोजमध्ये यंत्राची जुनी ओळख काढून टाकणारे सिसप्रेप वापरावे, आणि लिनक्समध्ये यंत्राचा क्रमांक व एसएसएचच्या किल्ल्या नव्याने तयार कराव्यात.

मरणासन्न डिस्कची गोष्ट निराळी. जिच्यातून टकटक आवाज येतो, किंवा जिच्या स्मार्ट ह्या स्वपरीक्षणाच्या नोंदींत बदलून दिलेल्या आणि वाचता न येणाऱ्या सेक्टरांची संख्या वाढत चालली आहे, तिच्यावर साध्या क्लोनिंगचा प्रोग्रॅम चालवणे धोक्याचे असते. तो पहिल्या खराब सेक्टरापाशी थांबतो, अथवा तेथेच पुन्हा पुन्हा वाचण्याचा हट्ट धरून शिल्लक आयुष्य तेवढ्यातच खर्ची घालतो. अँटोनिओ डियाझ डियाझ ह्यांनी लिहिलेल्या ग्नू डीडीरेस्क्यूने ह्या समस्येवर जी तजवीज केली ती मला ह्या सर्व विषयातील सर्वांत सुंदर कल्पना वाटते. तो प्रथम जे सहज वाचता येते ते सारे उतरवून घेतो, अडचणीच्या जागा ओलांडून पुढे जातो, आणि कोणता भाग मिळाला व कोणता राहिला ह्याची नोंद एका पृथक फाइलीत ठेवतो. मग उरलेल्या जागांकडे कडेकडेने परत येतो. काम मधेच थांबले तरी त्या फाइलीच्या आधारे पुढे चालू करता येते. त्यानंतर दुरुस्तीचे जे काही प्रयोग करावयाचे ते नकलेवर करावेत; अस्सल डिस्कला पुन्हा हात लावू नये. तबकडीला ओरखडे पडले असतील तर मात्र कोणताही प्रोग्रॅम उपयोगाचा नाही. वीज तोडून डिस्क स्वच्छ कक्ष असलेल्या तज्ज्ञाकडे न्यावी.

कूटबद्ध डिस्कविषयी एवढेच सांगणे पुरेसे आहे की बिटलॉकरची किल्ली संगणकाच्या टीपीएम ह्या सुरक्षा चिपमध्ये बांधलेली असू शकते, आणि त्यामुळे क्लोन दुसऱ्या यंत्रात नेल्यावर 48 अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागितली जाते. ती आधीच काढून वेगळी लिहून ठेवावी.

नक्कल अस्सलबरहुकूम आहे ह्याची रुजुवात कशी घ्यावी, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत न्यायालयातही प्रतिष्ठा पावला आहे. पोलीस तपासात जप्त केलेली डिस्क लेखनप्रतिबंधक उपकरणातून जोडली जाते, तिच्या सेक्टरवार नकलेबरोबर मूळ मजकुराचा हॅश, म्हणजे त्यावरून गणिताने मिळणारा ठसा, काढला जातो, आणि एक बिट जरी बदलला तरी तो हॅश जुळत नाही. जालना मतदारसंघाच्या 2014 च्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल ह्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी असा निर्णय दिला की मूळ यंत्रच न्यायालयापुढे हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या नकलेसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. आणि 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅशचे मूल्य व ते काढण्याची पद्धत नमूद करण्याचा रकाना आहे. एसएसडीच्या बाबतीत मात्र ही रुजुवात डळमळते, कारण तिच्यातील नियंत्रक वीज मिळताच पुसलेल्या जागा आपणहून साफ करू लागतो आणि लेखनप्रतिबंधक उपकरणाला ते अडवता येत नाही. म्हणून तिचा हॅश दोन वेळा काढला असता दोन वेळा निराळा येणे हे दरवेळी कोणी हस्तक्षेप केल्याचे लक्षण मानता येत नाही. घरगुती क्लोनसाठी इतका काटेकोरपणा आवश्यक नाही. परंतु नवी डिस्क सुरू झाली एवढ्यावर समाधान न मानता काही जुन्या मोठ्या फाइली, छायाचित्रे आणि हिशेबाच्या वह्या उघडून पाहाव्यात.

राहता राहिली जुनी डिस्क. नव्या डिस्कवर काही आठवडे निर्वेध काम झाल्याशिवाय ती पुसू नये. त्यानंतर ती विकायची किंवा कोणाला द्यायची असेल तर तिच्यावरील पार्टिशन उडवणे किंवा झटपट फॉरमॅट करणे पुरेसे नाही. नोंद जाते, मजकूर राहतो, आणि वर उल्लेखलेला टेस्टडिस्क ज्या मार्गाने मालकाला मदत करतो त्याच मार्गाने तो परक्यालाही करील. तबकडीच्या डिस्कवर सर्व सेक्टरांतून एकवार शून्ये लिहिणे आजच्या घनतेच्या डिस्कांसाठी सामान्यतः पुरते. एसएसडीवर ह्या रीतीने सर्व पेशींपर्यंत पोहोचता येईलच असे नाही, कारण नियंत्रक काही जागा बाहेरून दिसू देत नाही. तिच्यासाठी निर्मात्याने दिलेली सुरक्षित पुसण्याची आज्ञाच वापरावी, आणि ती देताना निवडलेली डिस्क जुनीच आहे ना, हे तिच्या अनुक्रमांकावरून पडताळून घ्यावे.